पाव झाला की कसा वाजतो

प्रिय भिंगरी,

माझा फोन बिघडलेला नाही. गेले कित्येक आठवडे मी तुला मेसेजवर तो बिघडलाय असं सांगतोय, पण फोन ठणठणीत आहे, आत्ता माझ्यासमोर टेबलावरच पडलाय. यात तुझ्या वहिनीचा काही दोष नाही, तिला मीच गप्प बसवलंय. तू तिला म्हणालीस म्हणे, दादा माझ्यावर रागावलाय का, रागावला असेल तर समोर येऊन भांड म्हणावं, हे मेसेज-बिसेज काय लावलंय? अगं, तुझ्यावर मी शेवटचा रागावलो तो तू माझी शिट्टी गटारात फेकलीस तेव्हा. त्यानंतर तुझ्यावर रागवायला मला सवडच मिळाली नाही, सगळा वेळ बोलण्यातच गेला. खरी गोष्ट अशी की माझा आवाज बसलाय, आणि तो सर्दीनं बसतो तसा बसलेला नाही. सोमवारी सकाळी एका डॉक्टरीणबाईंना माझ्या घशाबद्दल मला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर द्यायचंय. कशाला हो आणि कशाला नाही, ते शेवटी सांगतो. आता लगेच शेवटचं पान उघडू नकोस. तुझी खोड मला ठाऊक आहे, तू गोष्टीची पुस्तकंसुद्धा मागून वाचायचीस आणि मग मला राक्षस मरतो की नाही ते आधीच सांगून माझा विचका करायचीस. आज जरा रांगेनं ये.

मी पत्र लिहितोय हे बघून तुझी वहिनी दारातून दोनदा डोकावून गेली. तिचंही बरोबर आहे. लग्नाआधीसुद्धा मी तिला कधी पत्र लिहिलं नाही, तिच्या खिडकीखाली उभा राहून बोलायचो आणि शेजारचे सगळे खिडक्या लावून घ्यायचे. बाबांनी माझं नाव भोंगा ठेवलं ते काही उगाच नाही. आई तर म्हणायची, याचं तोंड बंद करणारा अजून जन्माला यायचाय. ज्या पोराच्या जिभेला हाड नाही त्याला नोकरी कोण देणार म्हणून घरात काळजी होती, तर मला नोकरी मिळाली ती नेमकी बोलायची. बसस्थानकावरचा तो लोखंडी जिना, वरची काचेची केबिन, तो माइक, सगळं तुला माहीत आहे. पहिल्या दिवशी तू खाली फलाटावर उभी राहून ऐकत होतीस, आणि मी गाडीचं नाव, फलाट, सुटायची वेळ असं सगळं नीट सांगून झाल्यावर माइक बंद करायला विसरलो आणि माझं "भिंगरे, कसं झालं?" हे साऱ्या स्थानकानं ऐकलं. तेव्हापासून जेवायला बसलं की तू मला छळायचीस, कृपया लक्ष द्या, मिठाची बरणी वहिनीकडून दादाकडे रवाना होत आहे. सध्या माझी रजा चालू नाही, पण माझ्या रजेच्या दिवसांसाठी केलेलं जुनं रेकॉर्डिंग चालू आहे. मी केबिनमध्ये बसतो आणि बटण दाबतो. वरच्या कर्ण्यातून माझाच तरुण आवाज गाड्या सोडतो आणि मी खाली चहा पीत ऐकतो. चांगला होता गं आवाज. तेव्हा कुणी सांगितलं नाही.

पण हे पत्र माझ्याबद्दल नाही. म्हणजे आहे, पण तुझ्यावरून जाणार आहे. गेले काही दिवस मी बसल्या बसल्या एकच उद्योग करतोय, तुझी गोष्ट पहिल्यापासून स्वतःलाच सांगतोय. ती मला पाठ आहे, लोकांना मी ती हजारदा सांगितली असेल, दर वेळी थोडं तिखटमीठ लावून. या वेळी मात्र जशी घडली तशीच सांगून बघतोय, कारण मला तिचा खरा उपयोग आहे.

लहानपणी माझ्याकडे तोंड होतं तसं तुझ्याकडे नाक होतं. जिन्यावर पाऊल वाजायच्या आधी तू सांगायचीस, बाबा आले, आणि येताना छत्रीवाल्याच्या दुकानात थांबून आले. आईनं कपाटात कुठल्या घडीखाली चॉकलेट लपवलंय हे तुला दारातूनच कळायचं, आणि मार मात्र मला बसायचा, कारण खाऊन झाल्यावर मीच ते सगळ्यांना सांगायचो. बाबा म्हणायचे, एकाला तोंड दिलं, एकीला नाक दिलं, दोघं मिळून एक माणूस पुरा होतो. पुढे कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या मावशींनी तुला हाताशी घेतलं ते तुझ्या नाकासाठीच. तू नुसती उंबऱ्यात उभी राहून त्यांना म्हणाली होतीस, मावशी, आतल्या ताटातले डावीकडचे काढा. त्यांनी काढले, आणि ते खरंच झाले होते. मावशी थकल्या आणि बेकरी तुझ्याकडे आली, तेव्हा तू भिंतीवरचं घड्याळ काढून टाकलंस. भट्टीकडे पाठ करून तू गिऱ्हाइकांशी गप्पा मारत उभी राहायचीस, मधेच वाक्य अर्धं टाकून वळायचीस, लांब दांड्याचं फावडं आत घालायचीस आणि पाव बाहेर. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मला तुझा फार हेवा वाटायचा. माझी कला ऐकून लोक बस पकडायला पळायचे, तुझी कला ऐकून, म्हणजे हुंगून, लोक थांबायचे.

मग तो मागच्या दाराच्या पायरीवरचा प्रसंग. लादी नुकतीच धुतलेली, तुझ्या हातात रिकामी ताटं, पाय सटकला आणि डोक्याची मागची बाजू पायरीच्या कडेवर आपटली. टेंगूळ आलं तेवढंच. आम्ही सगळे हसलो, तूही हसलीस, जावईबापू बिचारे बर्फ शोधत गावभर फिरले. दोन दिवस पडून राहिलीस आणि तिसऱ्या दिवशी कामावर. मी ड्यूटीवर जाताना नेहमीसारखा माझा पाव घ्यायला आलो, तर दुकान धुरानं भरलेलं. भट्टीच्या तोंडातून काळा धूर निघतोय, आणि तू तिच्याकडे पाठ करून निवांत गुणगुणत ताटं पुसतेयस. मी ओरडलो. तू वळलीस, धूर बघितलास, आणि तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर विसरलो नाही. पाव जळाले याचं काहीच नव्हतं त्यात. तू एवढंच म्हणालीस, दादा, मला का नाही आला?

डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागला की नाकाची नस कधी कधी तुटते. कधी जुळते, कधी जुळत नाही. तू वाट बघितलीस. रोज सकाळी कॉफीचा डबा उघडून त्यात नाक खुपसायचीस, साबण हुंगायचीस, जावईबापूंचे मोजेसुद्धा हुंगलेस, आणि आम्ही सगळे तुझ्या तोंडाकडे बघत बसायचो. काहीच आलं नाही. सगळ्यांना वाटत होतं तू धंद्यासाठी रडतेयस. तुझ्या नवऱ्यालाही तेच वाटत होतं. मला खरं कारण कळलं ते त्या दुपारी, मैद्याच्या पोत्यांवर आपण दोघं बसलो होतो तेव्हा. तुझी छोटी तेव्हा जेमतेम उभी राहायला लागली होती, तुझ्या मांडीवर झोपली होती, आणि तू तिच्या टाळूला नाक लावून बसली होतीस. तू म्हणालीस, दादा, हिच्या डोक्याला काय वास होता ते मला आठवत नाहीये. सुरुवातीला आठवायचा, आता तोही गेला. मी काही बोललो नाही. भोंगा असून. आयुष्यात माझ्यावर अशी पाळी त्याआधी कधी आली नव्हती.

त्यानंतरची बिस्किटांची भानगड मी लोकांना सांगतो तेव्हा लोक पोट धरून हसतात. तू पुन्हा बेकरी उघडलीस, पाव मोजून-मापून, घड्याळ लावून भाजायला लागलीस, आणि लोण्याची बिस्किटं केलीस. लोणी खवट होतं. नाक असलेला कुठलाही बेकरीवाला ते डब्याचं झाकण उघडताच उकिरड्यावर फेकेल. तुला कळायचं कारणच नव्हतं. पण खरी मजा गिऱ्हाइकांची. शिंपी, औषधवाला, शाळेच्या बाई, सगळ्यांनी ती बिस्किटं नेली, खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन मागितली. छान झालीत हो, असं वर सांगितलं. सगळा गाव तुझ्या प्रेमापोटी खवट बिस्किटं चावत मूग गिळून बसला होता. जावईबापू तर रोज चहाबरोबर चार खायचे, आणि चेहरा असा की जणू अमृत. मग मी आलो. दुकान माणसांनी भरलेलं. मी एक बिस्किट तोंडात टाकलं आणि केबिनमधून बोलतो त्या आवाजात म्हणालो, भिंगरे, हे काय, लोणी सडलंय! शाळेच्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी कुणाचा खून केलाय. घरी गेल्यावर तुझ्या वहिनीनं माझी जी हजेरी घेतली, तिला तोड नाही. तू मात्र काउंटरच्या मागे शांत उभी होतीस. सगळ्यांकडे एकेक करून बघितलंस. शिंप्यानं मान खाली घातली. तू म्हणालीस, म्हणजे इतके दिवस तुम्ही सगळे खोटं खात होतात? आणि मग तू हसायला लागलीस. हसता हसता खाली बसलीस. सगळी ताटं उचलून मागच्या अंगणात रिकामी केलीस आणि शटर ओढलंस.

मला वाटलं संपलं. मला वाटलं बेकरी आता गेली, आणि ती माझ्या तोंडानं गेली. पण दुसऱ्या दिवशी शटर उघडंच होतं आणि दारात तू कंबर कसून उभी. म्हणालीस, दादा, तू एकटाच खरं बोललास, आता महिनाभर ड्यूटीच्या आधी इथे यायचं आणि माझं नाक व्हायचं. मी आलो. गोळा हुंगला, लोणी हुंगलं, भट्टीपुढे उभा राहिलो. नाक म्हणून मी अगदीच सुमार होतो, पण बडबड करत होतो त्यामुळे तुझं भागत होतं. मी म्हणायचो आंबूस वास येतोय, की तू लगेच डोळे मिटून त्या गोळ्यात हात घालायचीस, दाबायचीस, बोटानं खळगा करून तो किती हळू भरतोय ते बघायचीस. मी म्हणायचो आता खमंग सुटला, की तू पाव ओढून उलटा करायचीस आणि त्याच्या बुडाला कान लावून बोटाच्या पेरानं टकटक करायचीस. मला वाटायचं, डोक्याच्या माराचा हा आणखी एक परिणाम. एक दिवस तूच सांगितलंस. कच्चा पाव भरल्या पिशवीसारखा बद्द वाजतो. झालेला पाव पोकळ वाजतो, कुणीतरी दार ठोठावल्यासारखा. मावशींनी तुला हे पूर्वीच शिकवलं होतं, पण नाक होतं तोवर तुला त्याची गरज नव्हती. खवट लोण्याचंही तू शोधून काढलंस. जिभेला नीट कळत नाही, पण चिमूटभर गिळलं की घशाला ओरखडा येतो. मला म्हणालीस, दादा, घशाला कळतं, घशाचं ऐकावं. आणि काचेच्या ग्लासात रोजच्या कणकेतला एक मूठभर गोळा तू खिडकीत ठेवायला लागलीस. बाकीचा सगळा गोळा परातीत झाकलेला असतो, हा एकटा उघड्यावर, किती फुगला ते काचेतून दिसतं. त्याला तू नाव दिलंस 'चहाडखोर'. मला टोमणा होता तो, मला कळला.

आणि मग एका सकाळी मी आलो तर तू मला माझा पाव हातात दिलास आणि म्हणालीस, उद्यापासून नाही आलास तरी चालेल. खरं सांगू, मला वाईट वाटलं. घरी येऊन वहिनीला म्हणालो, बघ, गरज सरली. ती म्हणाली, अहो, तुमच्या बहिणीनं नाक परत मिळवलं, पेढा वाटायचा सोडून तोंड काय पाडताय? तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, तू काय केलंस ते. तू जे गेलं ते परत मिळवलं नव्हतंस, ते कधीच मिळालं नाही. तू त्या जागी कान बसवलास, हात बसवलास, घसा बसवलास.

लोकांना ही गोष्ट इथेच संपवायला आवडते. मलाही आवडायची. पण तू मला एकदा रागावून म्हणाली होतीस, दादा, माझ्या गोष्टीचा शेवट तू फार गोड करतोस. म्हणून आज पुढचंही लिहितो. केक तू पुन्हा कधी केले नाहीस. वासाच्या बाटल्यांचं ते कपाट तू रिकामं केलंस, त्यात आता पिशव्या असतात. कुणी तुला म्हणालं की बरंय, निदान गटाराचा वास तरी येत नाही, तर तू त्याला आजही कालचा पाव देतेस हे मी बघितलंय. छोटीचा वास परत आला नाही. तुझे काही दिवस वाईट जातात, तेव्हा तू कुणाशी बोलत नाहीस, आणि जावईबापू गाडी घेऊन पाव पोचवायला जातात ते मुद्दाम उशिरा परततात, तुला एकटी राहू देतात. हे सगळं आहेच. आणि तरी, भिंगरे, पूर्वीच्या तुझ्यापेक्षा मला ही तू जास्त आवडतेस. पूर्वी तू हुशार होतीस आणि घाईची होतीस, समोरचा बोलत असला तरी तुझं लक्ष भट्टीकडे. आता तू माणसाकडे तोंड करून ऐकतेस. शिंपी त्याच्या बायकोच्या आजारपणात दुकानात येऊन तुझ्याशीच बोलायचा, औषधवाल्याला सोडून. मी आयुष्यभर बोलत आलो आणि लोकांनी माझं ऐकलं ते बस चुकू नये म्हणून. तुझ्याकडे लोक आपण होऊन बोलायला येतात. मला तुझा अभिमान वाटतो, हे मी तुला कधी म्हणालो नाही. इतकं बोललो, आणि नेमकं हेच राहिलं बघ.

आता माझं. घशात ओरखडा यायला लागला तो थंडीत. मी गोळ्या चघळल्या, गरम पाण्याच्या गुळण्या केल्या, धूळ, माइक, वय, सगळ्यांना दोष दिला. घशाचं ऐकावं असं तू सांगितलेलं मी जगाला सांगत फिरायचो, माझ्या घशाचं मात्र मी ऐकलं नाही, त्याला बोलूच दिलं नाही. मग आवाज फाटायला लागला. मग एका सकाळी गाडीचं नाव अर्ध्यात आलं आणि पुढे नुसती हवा. खालचे लोक वर बघायला लागले. वहिनीनं हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, चष्मा लावतात, नाकातून कॅमेरा घातला आणि पडद्यावर मला माझंच स्वरयंत्र दाखवलं. त्यावर गाठ आहे. तुकडा तपासायला गेला आणि जे नको तेच आलं. मी त्यांना विचारलं, म्हणजे पाटीवर लिहून विचारलं, की सोडून दिलं तर? त्या म्हणाल्या, तर पुढच्या थंडीची खात्री मी देत नाही. आणि काढलं तर? त्या म्हणाल्या, तर तुम्ही पुष्कळ जगाल, फक्त गप्प. आई, माझं तोंड बंद करणारा जन्माला यायचा होता ना, तो आलाय, फक्त बाई निघाली. मी हसलो, त्यांना कळलं नाही का हसलो ते.

घरी आलो आणि मी मनात 'नाही' ठरवून टाकलं. वहिनी ठरवा तुम्ही म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच. मला वाटलं, आवाज नाही तर मी कोण? मुका भोंगा कुणाच्या कामाचा? जायचं तर आवाजासकट जावं. असं मोठं बाणेदार वाटत होतं मला दोन-चार दिवस. मग बुधवारी मी तुझ्या दुकानासमोर आलो. तुला माहीत नाही. तुला सांगायलाच आलो होतो, पण रस्त्याच्या पलीकडे थांबलो, कारण आत आलो असतो तर तोंड उघडावं लागलं असतं. काचेवर वाफ धरली होती. छोटी काउंटरवर होती, एवढी उंच कधी झाली गं ती? आणि तू मागे भट्टीपाशी. पाव काढलास, उलटा केलास, कानाशी धरलास. टकटक. ठेवलास. दुसरा. टकटक. मला काचेपलीकडून काहीही ऐकू येत नव्हतं, पण तुझ्या चेहऱ्यावरून मला कळत होतं कुठला झालाय आणि कुठला परत आत जाणार. एकाला तू परत आत ढकललंस. मधेच छोटी काही सांगायला आली, तर तू तिचं डोकं जवळ ओढून त्याला गाल लावलास, नाक नाही, गाल, आणि तशीच उभी राहून तिचं सगळं ऐकलंस. तुझं काय काय गेलंय हे मला माहीत असूनही त्या घटकेला मला तुझ्यात काहीच कमी दिसलं नाही. माझ्या गाड्या त्या दिवशी दुसऱ्याच कुणी बटण दाबून सोडल्या. मी पुष्कळ वेळ उभा होतो.

तेव्हा आता शेवटचं पान. सोमवारी मी 'हो' म्हणणार आहे. स्वरयंत्र सगळं काढतील. गळ्याला एक भोक राहील, श्वास तिथूनच घ्यायचा, नाकातून नाही. पुढे गळ्याला यंत्र लावून बोलता येतं म्हणतात, पिठाच्या गिरणीसारखा आवाज येतो, तो मी शिकेन आणि तुम्हा सगळ्यांना पिडेन. पण अगदी शेवटी उठता उठता डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, तीच तुला सांगायची राहिलीय आणि तिच्यासाठीच हे पत्र. नाकातून हवा गेली नाही की वासही येत नाही. म्हणजे माझाही जाणार. त्या फार जपून सांगत होत्या, मला वाटतं मी रडेन अशी त्यांची तयारी होती. मी पाटी घेतली आणि लिहिलं, वासाची काळजी नको, घरात शिकवणारी आहे. तर भिंगरे, मला शिकवायला ये. मी एक महिना तुझं नाक झालो होतो, त्याच्या बदल्यात नाही, तशीच ये. गोड शेवट करून सांगू नकोस, कच्चं असेल तर कच्चं म्हण, सगळे छान छान म्हणतील तेव्हा तू एकटी खरं बोल. ऑपरेशनच्या आधी मात्र फोन करू नकोस, या फाटक्या आवाजात तुझा निरोप घ्यायची माझी इच्छा नाही, तू तो जुनाच लक्षात ठेव, पाहिजे तर स्थानकावर जाऊन ऐक. शुद्धीवर आलो की वहिनी तुझा नंबर लावून फोन माझ्या हातात देईल. पलीकडून कुणी बोललं नाही तर हॅलो हॅलो करत बसू नकोस. फोन कानाशी धर, पाव धरतेस तसा. मी पलंगाच्या लाकडावर बोटाच्या पेरानं टकटक करीन. नीट ऐक आणि सांग, झालोय का.

तुझाच,
भोंगा